बाजूच्या रेषा

"बोटभर कमी शे."

आबांनी एक डोळा मिटून असं म्हटलं, की समजावं, समोरचं काहीतरी वाकडं आहे. दार, बाकडं, फळा, काहीही. आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यालयात अध्यक्षांची तसबीर खुद्द अध्यक्षांच्याच हस्ते लागली, तेव्हा टाळ्या चालू असताना मागून हेच ऐकू आलं. अध्यक्षांनी ती शाबासकी समजून मान लववली.

आबा गवंडी होते. मूळचे भडगावकडचे, राहायला जळगावातल्या मेहरूणला. क्लबच्या कार्यकारिणीत एक बांधकामाचे ठेकेदार होते. त्यांच्याकडे आबा सूत धरायचे. म्हणजे भिंत सरळ जाते की नाही, हे आबांच्या दोरीवर ठरायचं. ती दोरी सोडली तर त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. रविवारी ते हौसेने आमच्या मैदानावर चुन्याची फक्की मारत. रेष अशी, की नवा खेळाडू तिच्यावर पाय द्यायला बिचकायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल. सामना संपल्यावर त्याचं नाव कुणी विचारत नाही.

मी तेव्हा क्लबचा हंगामी चिटणीस होतो. 'हंगामी' हा शब्द मला फार टोचायचा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ऐन स्पर्धेत जळगावचं आमचं मैदान कसल्याशा महोत्सवाला दिलं गेलं. मंडप असा, की उभारायला पंधरा दिवस आणि उतरवायला महिना. अध्यक्षांनी धुळ्यातलं एक मैदान मिळवलं आणि जाहीर केलं, की आपले तीन घरचे सामने आता धुळ्याला होतील. यजमानांनीच मैदान आखायचं, हा आमच्या स्पर्धेचा रिवाज. म्हणून आबाही फक्कीचं पोतं घेऊन एसटीत आमच्याबरोबर.

"घर आपलं, तं तिकीट कसाले काढानं?" त्यांनी कंडक्टरला विचारलं. सगळी गाडी हसली.

पहिला सामना शिरपूरशी. शिरपूरहून धुळं जवळ, त्यामुळे पाहुणे आधी पोहोचले आणि यजमानांची वाट पाहत बसले. चहाही त्यांनीच पाजला.

शिरपूरचे दोन खेळाडू बाजूची रेष धरून सुसाट पळत. आमचे बचावपटू भारदस्त होते. मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, दोन्ही रेषा चार-चार पावलं आत घ्या."

"नियममा बसस का, भाऊ?"

"बसतं."

बसत नव्हतं. आबा शाळेत गेलेले नव्हते, आणि नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं.

आबांनी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी, सुरेख चोरी आखून दिली. आमच्या खेळाडूंना मी ती रेष नीट दाखवून ठेवली. चेंडू कुठे बाहेर जाणार, हे त्यांना आधीच ठाऊक असलेलं बरं.

शिरपूरबरोबर एक पीटीचे मास्तर आले होते. त्यांनी मैदान पावलांनी मोजलं, मान हलवली आणि टेप मागवला. नेमके त्याच वेळी अध्यक्ष प्रमुख पाहुण्यांना घेऊन, हारासकट, मैदानात उतरले.

"काय भानगड आहे?"

"साहेब, अर्धं मैदान जळगावलाच विसरून आलात का?" मास्तर म्हणाले.

"कोणी आखलं हे?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ठेकेदारही. मी म्हणालो, "वय झालंय आबांचं. माप चुकलं असेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग टोपी काढून म्हणाले, "दोरी मनी, हात मना. चूक मनीच शे, साहेब."

"आणि म्हणे गवंडी!" प्रमुख पाहुणे म्हणाले. मंडळी हसली. मीही हसलो.

आबांनी भर उन्हात नव्या रेषा मारल्या. जुनी फक्की पायाने पुसली, पण ती पुरती जाईना. सामन्यात चेंडू आतल्या रेषेपलीकडे गेला, की आमचेच खेळाडू हात वर करून थांबत. शिरपूरचे पळत राहत. तीन गोल आम्ही असे उभ्याने पाहिले.

त्याच महिन्यात मी कायम चिटणीस झालो. अध्यक्षांना माझा प्रसंगावधानाचा गुण आवडला होता.

पुढे ठेकेदारांच्या एका बांधकामावर आबा दिसले. घमेल्यात सिमेंट कालवत होते. सूत दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं. "बरं शे ना, भाऊ?" त्यांनी विचारलं. मी सायकलवरून उतरलो नाही.

ठेकेदारांना एक वाक्य सांगायचं होतं. ते तोंडातून निघायला दोन वर्षं लागली. तोवर आबा मेहरूण सोडून भडगावला लेकीकडे निघून गेले होते.

ठेकेदार ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "अहो, आबा कधी मापात चुकतील का? मला तिथेच कळलं होतं."

"मग त्यांना सिमेंट कालवायला का लावलंत?"

"मी कशाला लावू? त्यांनीच मागून घेतलं ते काम. मी भांडलो त्यांच्याशी. तर म्हणाले, 'चार लोकसमा मी चूक कबूल करी. आते सूत धरसू तं भाऊ खोटा पडी.'"

भडगाव जळगावहून धुळ्यापेक्षा जवळ आहे. धुळ्याला आम्ही राहिलेले दोन्ही घरचे सामने खेळून आलो. भडगावला मी गेलो नाही.