डोळे न झालेल्या मूर्ती

पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या कारखान्यातून परदेशी जाणारे गणपती उन्हाळ्याच्या आधीच निघतात, कारण त्यांना बोटीने जायचं असतं. खोक्यावर गावाचं नाव जाड मार्करने लिहायचं काम माझं, कारण घरात माझंच अक्षर त्यातल्या त्यात वाचण्यासारखं. गेली कितीतरी वर्षं त्यात एक खोकं कोपनहेगनचं असतं. ते इंग्रजी स्पेलिंग न बघता लिहायला मला दोन हंगाम लागले. मी डोळे काढलेले गणपती दर वर्षी तिकडे जायचे आणि मी मात्र जायची ती फार तर पेणच्या बाजाराला, नाहीतर रोह्याला माहेरी. याचा मला राग यायचा.

मूर्तीचे डोळे काढण्याला आमच्यात आखणी म्हणतात. साचा, घासकाम, रंग हे सगळं माणूस शिकतो, आखणी मात्र एखाद्याच्याच हातात बसते. श्वास धरायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा थेंब. डोळे होईपर्यंत मूर्ती म्हणजे नुसता नग. तोवर तिच्यासमोर पाय पसरून बसा, डबा खा, भांडा. डोळे झाले की पाय आवरायचे आणि आवाज खाली आणायचा.

ही आखणी आमच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मी केली. माझी धाकटी जाऊ रंग भरायला असते. तिने मला किती वेळा म्हटलं असेल, "शिकव ना गो वयनी, एक तरी डोला काढू दे." दर वेळी मी तिला सांगायचे, आधी हात स्थिर कर. तिचा हात चांगला स्थिर होता. मला द्यायचं नव्हतं, एवढंच.

मग माझा डावा डोळा गेला. एकदम नाही, कडेकडेने. पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, रोज घालायला थेंब दिले आणि म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. ब्रश मूर्तीला टेकला की अजून हवेतच आहे, हे मला नीट कळेना. मी घरी कुणालाच सांगितलं नाही. थेंब कशाचे असं विचारलं तर म्हणायची, धुळीचे. सांगितलं असतं तर आखणी जावेकडे गेली असती, आणि ते माझ्याच्याने सोसलं नसतं. दोन हंगाम मी तशीच रेटून नेले. कुणाला काही कळलं नाही, याचा मला छुपा अभिमानही वाटायचा.

पण रात्रंदिवस एकच टोचणी होती, सांगायचं की नाही. कारखान्यात बसून ते सुटेना. शेवटी त्या वर्षीची खोकी गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, मला कोपनहेगन बघायचंय. त्याला आधी वाटलं, मी थट्टा करतेय. दोघांचं तिकीट परवडणारं नव्हतं आणि मासळीशिवाय त्याला दोन दिवस निघत नाहीत, म्हणून मी एकटी निघाले. व्हिसाचे कागद भाचीने केले. बॅगेत मेतकूट, तांदूळ आणि पेणचे पोह्याचे पापड.

राहायला मिळाली ती आठ जणींच्या खोलीतली वरची खाट, शिडी चढून जायची. पन्नाशीच्या बाईला शिडी म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पहिल्याच दिवशी सामायिक स्वयंपाकघरात मी पापड भाजला आणि धुराची घंटा वाजायला लागली. सगळं वसतिगृह अंगणात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कुणी रागावलं नाही. खाली आलेल्या पोरींनी तो पापड तिथेच मोडून खाल्ला आणि आणखी आहेत का विचारलं.

बाहेर चहासुद्धा परवडत नव्हता, म्हणून मी नुसती चालायची. त्या शहराने मला पायी हिंडवूनच जिंकलं म्हणा ना. कालव्यातलं पाणी इतकं स्वच्छ, की एप्रिलच्या थंडीत लोक त्यात उड्या मारत होते. एका कॅफेच्या बाहेर बाबागाडी उभी, आत बाळ गाढ झोपलेलं आणि आसपास कुणी नाही. माझा जीव वरखाली झाला. मी तिथे राखण करत उभी राहिले. बऱ्याच वेळाने आई आरामात कॉफी पिऊन बाहेर आली. मग माझ्या लक्षात आलं, रस्त्यावर अशा आणखी चार गाड्या होत्या. लोकांचा एकमेकांवर केवढा हा भरवसा! आमच्याकडे चप्पल बाहेर काढून देवळात गेलं तरी निम्मं लक्ष चपलेत असतं.

तिसऱ्या दिवशी मी फुटपाथवरून खाली उतरले आणि डाव्या बाजूने एक सायकल करकचून थांबली. तिथे सायकलींचा वेगळा रस्ता असतो. बाईच्या सायकलीला पुढे लाकडी पेटी आणि पेटीत दोन मुलं. ती घाबरली होती. तिने विचारलं, मी दिसले नाही का? आणि जे मी नवऱ्याला, मुलाला, कुणाला सांगितलं नव्हतं ते माझ्या मोडक्या इंग्रजीत सरळ तोंडातून गेलं, "धिस साइड, आय डोन्ट सी." ती सायकलवरून उतरली, माझ्या डाव्या बाजूला आली आणि चौक पार होईपर्यंत सायकल हातात धरून त्याच बाजूने चालली. पलीकडे गेल्यावर मी बाकावर बसून पोटभर रडले. सांगणं इतकं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी फुकट प्रवेशाचा वार होता, म्हणून संग्रहालयात गेले. आत संगमरवरी माणसांची रांगच रांग. एकेका मूर्तीच्या अंगावरची वस्त्रं अशी, की चिमटीत धरून बघावीशी वाटावीत. आणि डोळे? कुणालाच नाहीत. कोरे गोळे! एवढं काम करून आखणी राहिलीच की यांची, असं मला वाटलं. पाय दुखत होते. डोळे झालेले नाहीत म्हटल्यावर मी बिनधास्त एका देवीसमोर फरशीवर बसले आणि पाय पसरून दिले.

पांढऱ्या केसांची राखणदार बाई लगबगीने आली. बरं नाही का, असं तिने विचारलं. मी समजावलं, आमच्याकडे डोळे काढेपर्यंत असं बसलेलं चालतं, यांचे अजून काढायचे आहेत ना? ती आधी गोंधळली. मी हवेत बोटाने रेघ ओढून दाखवली, बुबुळ दाखवलं, माझ्या मोबाइलमधले गणपती दाखवले. तेव्हा तिला कळलं आणि ती इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, या.

तिने मला आतल्या दालनात एका मुंडक्यासमोर उभं केलं. वाकून बघायला सांगितलं. मी उजवा डोळा जवळ नेला. पापणीच्या जागी एक फिकट तपकिरी रेघ होती, नीट न बघता निसटेल अशी. ती म्हणाली, हे सगळे एके काळी रंगवलेले होते, डोळ्यांसकट. रंग उडून गेला. हे डोळे कुणी काढले, मी विचारलं. तिने खांदे उडवले. माहीत नाही. पण एवढ्या मूर्ती म्हणजे एकटा माणूस नसणार, बरेच हात असणार.

मी त्या रेघेसमोर कितीतरी वेळ उभी होते. हात माझ्याच जातीचा, ओळखू येत होता. श्वास धरून ओढलेली रेघ ती. त्या कुणीतरी दुसऱ्याला हात धरून शिकवलं असेल, त्याने तिसऱ्याला, म्हणून एवढी दालनं भरली. आणि मी पंचवीस वर्षं एक डोळासुद्धा कुणाला काढू दिला नव्हता. मला माझीच शरम वाटली. घरी गेल्या गेल्या जावेला सांगायचं, हे मी तिथेच ठरवलं.

परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळी कारखान्यात गेले. जाऊ एका गणपतीच्या सोवळ्याला पिवळा रंग भरत बसली होती. आणखी कुणी आलं नव्हतं.

"आजपासून आखणी तू कर," मी म्हटलं. "माझा डावा डोळा गेलाय. दोन वर्षं झाली."

तिने ब्रश थांबवला नाही. "म्हायती हाय," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तू संध्याकाली घरा जायचीस, मंग मी बघायची. एका बाजूची रेघ फुटलेली असायची. पुसून परत काढायची."

दोन हंगाम! माझा तो छुपा अभिमान तिथेच विरघळला. "मला बोलली का नाहीस?"

"तू सांगशील तवा सांगशील, म्हनलं."

"आणि शिकलीस कुठे गं? मी तर कधी..."

"तुझीच रेघ गिरवून," ती म्हणाली. "पयल्यांदा पुसायच्या आधी तिच्यावरून ब्रश फिरवून बघायची. आता दुसऱ्या कोनासारखी काढायला गेले तरी तुझ्यासारखीच येते."

मी खिडकीजवळची माझी बैठक उचलून तिच्यापुढे सरकवली. ती बसली, तिने श्वास धरला, आणि मी माझे पाय आवरून घेतले.