पक्षी बघायला आलेली माणसं

सांगलीहून पनवेलला निघाले ती भाच्याचं कौतुक करायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कौतुकाचं फारसं काही येणार नाही. मंदार, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, चार मित्रांना हाताशी धरून स्वतःच्या हिमतीवर सिनेमा काढत होता. गाणी नाहीत, नावाजलेले नट नाहीत. हायवेवर एक खून होतो आणि त्याच सकाळी जवळच्या वाडीत डोक्याला मार लागलेला एक अनोळखी माणूस सापडतो. त्याला काहीच आठवत नसतं. खून त्याने केला की त्याचाच व्हायचा होता, हे त्यालाही माहीत नसतं. अशी गोष्ट. "मावशी, शूटिंग बघायला ये," असं पत्र आलं आणि मी बँकेत रजा टाकली. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते.

पुण्यात एक मुक्काम करून सकाळच्या गाडीने दहाच्या सुमारास पनवेलला उतरले. उतरतानाच उजव्या चपलेचा अंगठा तुटला. स्टँडबाहेरच्या चांभाराने तो शिवून दिला आणि वर ऐकवलं, "बाई, या चपलेत आता राम नाही." चिवड्याचा डबा पिशवीत उपडा झाला होता. तरीही मी खुशीत होते.

रिक्षावाला दाढीवाला, मध्यम वयाचा, बोलका होता. शिरढोणच्या पुढची कातकऱ्यांची वाडी म्हटल्यावर त्याने मागे वळून पाहिलं.

"तिकडे आत्ता कोण भेटणार, आपा? दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावरच परत येतात."

"माझा भाचा आहे तिथे."

"अच्छा, ते पक्षीवाले! खुदा कसम, दहा दिवस बघतोय. एवढे पक्षी तर मी जन्मात पाहिले नाहीत."

मला कळेना. पळस्पे फाटा मागे पडला, शिरढोण गेलं आणि डावीउजवीकडे कापलेली भातशेतं लागली. समोर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. उन्हाला धार नव्हती, हवेत पेंढ्याचा वास होता. रिक्षा पायवाटेपर्यंतच जाई. पुढे मी चालत गेले.

वाडीत पंचवीसेक झोपड्या असतील. बहुतेकींच्या दारांना काट्याची फांदी आडवी लावलेली, म्हणजे घरचे कामाला गेले, असं समजायचं. पेंढ्याच्या गंजीआडून मंदार धावत आला, पाया पडला आणि कुजबुजला, "मावशी, हळू बोल. इथे आपण कर्नाळ्याच्या पक्ष्यांची फिल्म काढतोय असं सांगितलंय."

"का बरं?"

मग त्याने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. अजय नावाचा त्याचा नट डोक्याला पट्टी बांधून एका पहाटे बांधावर पडून राहिला होता. वाडीतल्या एका बाईने त्याला उचलून घरी नेलं. तेव्हापासून तो तिच्याकडेच राहत होता, स्मृती गेलेला माणूस म्हणून. आणि मंदार गंजीआडून, लांबून टिपणाऱ्या भिंगाने सगळं चित्रित करत होता. "दहा दिवसांत एकदाही पकडला गेला नाही! असा खरेपणा स्टुडिओत मिळतो का?"

मला आधी हसू आलं. ते लपवत नाही.

पक्षीवाल्यांची मावशी म्हणून मी त्या बाईच्या झोपडीत गेले. तिचं नाव भागी. चाळिशीची, काटक. तिने मला बसायला गोणपाट दिलं आणि विचारल्याशिवायच तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी पुढे ठेवली. जवळा करंजा बंदरातला होता आणि चटणी इतकी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यात अजय गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्याच्या पानात भाकरीबरोबर अंडं होतं. भागीच्या पानात नव्हतं.

"याला काय बी याद नाय," ती म्हणाली. "नाव नाय, गाव नाय. झोपंत बी गप."

"तू नाही गेलीस भट्टीवर?"

"दादला (नवरा) गेलाय म्होरं. मी चेडोबाला बोलली हाय. याला घरची वाट याद येईस्तोवर मी वाडी नाय सोडायची."

चेडोबा म्हणजे वाडीचा राखणदार देव. वरच्या अंगाला सागाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तोच.

"कोण कुठला माणूस, त्याच्यासाठी नवस?"

"माझा भाऊस (भाऊ) भट्टीवर गेलता, माघारी आलाच नाय. त्याला बी कोनी तरी भाकर देत असंल ना, बाय?"

भट्टीचा हिशेब तिनेच समजावून दिला. तिथे एकटा माणूस ठेवत नाहीत, नवराबायकोची जोडी लागते. एकाने चिखल कालवायचा, दुसऱ्याने विटा पाडायच्या. नवरा दहा दिवस शेठला थोपवून होता. मुकादमाचा शेवटचा ट्रक उद्या सकाळी येणार होता. "उद्याच्याला नाय गेली तर औंदाचं काम गेलं. पोरी हायत दोन, तिकडंच बापाजवळ." हे सांगताना तिने अजयकडे बघितलं, रागाने नाही, काळजीने. अजयने मान आणखी खाली घातली.

मी हात धुतला आणि तडक गंजीआड गेले.

"मंदार, हे आत्ताच्या आत्ता थांबव. ती बाई तुझ्या नटापायी अडकून पडली आहे."

"माहीत आहे, मावशी."

"माहीत आहे?"

"फक्त उद्या सकाळपर्यंत. ट्रक निघून जाईल आणि ती दारात उभी राहून बघत राहील. तो चेहरा मला हवाय. तसा चेहरा मागून मिळत नाही गं."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. या मुलाला मी कडेवर खेळवलं होतं. मी म्हटलं, "अरे, तुला लाज कशी वाटत नाही? भिंगातून तुला तिच्या कपाळावरची रेघन् रेघ दिसते, पण तिच्या पानातलं अंडं तुझ्या नटाच्या पानात जातं ते दिसत नाही?" तो कलेबद्दल काही बोलू लागला. मी ऐकायला थांबले नाही.

परत झोपडीत गेले. अजयचं बखोट धरून त्याला अंगणात आणलं आणि म्हटलं, "सांग हिला तुझं नाव."

तो गंजीकडे बघू लागला. मी पुन्हा ओरडले. तेव्हा त्याने डोक्याची पट्टी सोडली. खाली साधा ओरखडाही नव्हता.

भागी त्या कपाळाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "नाव काय तुझा?"

"अजय."

"घर हाय?"

"दादरला."

"आयस हाय?"

"आई आहे."

"तिला ठावं हाय, तू कुठं हायस ते?"

"हो. परवा मंदारने तिला पनवेलहून फोन केला होता."

तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण ती इतकंच म्हणाली, "मंग माझ्या देवाला कशाला फसवलास?" आणि त्याचं मनगट धरून त्याला वर सागाकडे घेऊन गेली. "आता तूच सांग त्याला. खोटं मी नाय सांगनार." अजय हात जोडून त्या दगडासमोर आपलं नाव, आडनाव, पत्ता पुटपुटला. भागीने पाणी शिंपडलं, पाया पडली आणि खाली येऊन गाठोडं बांधायला लागली.

रात्री मी मंदारबरोबर त्यांच्या पनवेलमधल्या खोलीवर गेले. सकाळी सात वाजता त्याला हाताला धरून वाडीवर नेलं. मुकादमाला काय सांगायचं ते तूच सांग, म्हटलं.

ट्रक आला. भागी गाठोडं डोक्यावर घेऊन उभीच होती. मुकादमाने खालीही न उतरता हात हलवला. "तुमच्या दोघांच्या जागी काल दुसरी जोडी घेतली. दादला अन् पोरी दुपारपर्यंत येतील चालत. किती दिस थांबायचं शेठनी?"

"चूक आमची आहे," मंदार म्हणाला. "आम्हीच तिला..."

"तुमी पक्षी बघा ना, सायेब," मुकादम म्हणाला आणि ट्रक हलला.

भागी गाठोड्यासकट तिथेच उभी राहिली. तेवढ्यात मला गंजीआड हालचाल दिसली. मंदारचा कॅमेरावाला कामाला लागला होता! मी पदर खोचला आणि जाऊन त्या भिंगापुढे उभी राहिले, ट्रकची धूळ बसेपर्यंत. तो शॉट काही मी मिळू दिला नाही.

भागीने गाठोडं उतरवलं आणि मला म्हणाली, "बाय, तू कशाला रडतेस? चाय पी." औंदा रस्त्यावर खडी फोडायला जाऊ, असं ती म्हणाली. तेही काम मिळेलच असं नव्हतं. दुपारच्या गाडीने मी परत निघाले. घाटात सगळी गाडी बाहेर बघत होती, मी पायांकडे बघत बसले. सांगलीला बहिणीने विचारलं, "कसं काय होतं शूटिंग?" मी सांगितलं, तर तिला माझाच राग आला.

दोन वर्षांनी पुण्यात एका छोट्या सभागृहात सिनेमा दाखवला. मी गेले, कारण मला बघायचंच होतं. शेवटाकडे पडद्यावर भागीचं अंगण आलं. अजय पट्टी सोडत होता, भागी विचारत होती, "आयस हाय? तिला ठावं हाय, तू कुठं हायस ते?" त्याच्या कमरेला टेपरेकॉर्डर होता म्हणे. मी अंगणातच होते, पण मला कापून टाकलं होतं. सिनेमात ती खुन्याला ओळखणारी बाई झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय सहज अभिनय आहे! कोण आहे ही?"

"अभिनय नाही हो तो," मी म्हटलं. "तिचं नाव भागी. या सिनेमापायी तिच्या घरातलं सबंध वर्षाचं काम बुडालं."

पुढच्या रांगेतून कुणीतरी मागे वळून शूऽऽ केलं. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.