तवंदीच्या घाटातली अर्धी पाठवणी

मी पॅटर्न करतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे येळ्ळुरातल्या माझ्या सख्ख्या भावालाही अजून पटवता आलेलं नाही. तो मला सुतारच म्हणतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत जो भाग ओतायचा असतो, त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना आधीच जरासा मोठा करायचा. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. बायको म्हणते, या पट्टीच्या नादानं मी पडद्याचं मापसुद्धा मोठं आणतो.

एके दिवशी निपाणीचे एक म्हातारे गृहस्थ टॉवेलात काहीतरी गुंडाळून माझ्या शेडमध्ये आले. टॉवेल सोडला तर आत त्यांच्या जुन्या मोटारीचं, इंजिनात पाणी खेळवणाऱ्या पंपाचं तडकलेलं कवच. गाडी अमेरिकेची, नव्वदी ओलांडलेली. सुटा भाग कुठंच मिळत नव्हता. रविवारी मी मोटारसायकलवरून निपाणी गाठली आणि त्यांच्या तंबाखूच्या वखारीच्या आवारात ती गाडी बघून हेल्मेट काढायचंच विसरलो. बॉनेट एवढं लांब की त्यावर आमच्या गल्लीची पंगत बसली असती. मागं दुमडणारं कापडी छत, लाल कातड्याची आसनं, स्टिअरिंग डाव्या हाताला. तिकडं अमेरिकेत मंदीत लोक पावासाठी रांगा लावत होते, तेव्हा कुणीतरी ही बनवत बसलं होतं. मंदी आम्हा उद्यमबागवाल्यांनीही बघितलीय; काम नसलं की हाताला कशी खाज सुटते ते मला माहीत आहे. त्या कारागिरांनी ती सगळी खाज या गाडीवर भागवली असावी.

मालकांनी चार वर्षं खपून सगळं जागेवर आणलं होतं. अडलं होतं ते पंपापाशी. "घाई हाय," ते म्हणाले. "आक्का म्हायेराला आलीय. या म्हैन्यात परत जाणार."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली, बेळगावात दिलेली. सत्तर वर्षांपूर्वी तिची पाठवणी याच गाडीतून झाली. गाडी आबांशिवाय, म्हणजे त्यांच्या वडिलांशिवाय, कुणाला चालवता येत नव्हती, म्हणून तेच लेकीला सासरी पोचवायला निघाले. निपाणी सोडली आणि तवंदीच्या घाटात पाणी उकळून गाडी बसली ती बसलीच. नवरदेव खाली जाऊन तंबाखूचा ट्रक घेऊन आला आणि नवरी बोदांवर, तंबाखूच्या गच्च पोत्यांवर, बसून बेळगावला पोचली. सासरचं माप तिनं शिंकत शिंकत ओलांडलं. तेव्हापासून आक्का भावाला चिडवायची, "तुमच्या गाडीनं माझी पाठवणी अर्धीच केली."

"तेवढी पुरी करायचीय मला," मालक म्हणाले. "पुढच्या खेपंचा भरवसा तिचा न्हाय, माझाबी न्हाय."

असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मी बोलून गेलो, "पंधरा दिवसांत देतो."

माझी मुलगी इंजिनियर आहे. त्या दिवसांत आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि मी फुगून बसलो होतो. बेळगावात काय नोकऱ्या नाहीत? पण कवचाचं माप घ्यायला तिच्याइतका नेटका हात नाही, हे मला झक मारत कबूल करावं लागलं. तिनं संगणकावर चित्र काढलं आणि कागद टेबलावर ठेवून गेली. मी तो उचलला, माझी पट्टी घेतली आणि कामाला लागलो. ओतकाम होऊन आलं, आणि पंपाचं पातं आत खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं.

झालं होतं असं, की आप्पा विसरतील म्हणून तिनं चित्रातच आकसण्यासाठीची वाढ धरली होती. मी माझ्या पट्टीनं ती पुन्हा धरली. सासूनं मीठ घालावं आणि सुनेनंही घालावं, तशी आमटी झाली. एका शब्दानं विचारलं असतं तर भागलं असतं. चूक आपली असली की मला जास्त राग येतो. मी ते कवच भंगारात आपटलं. ती मात्र पोट धरून हसली. "आप्पा, दोघंबी लई शहाणे आपण!"

दिवस उरले पाच. मग आम्ही एकाच टेबलाला बसलो. ती आकडा वाचायची, मी मोठ्यानं विचारायचो, "वाढ धरलीस?" ती म्हणायची, "न्हाय, तुम्ही धरा." दुसरं कवच असं चपखल बसलं की मी मालकांना फोन करताना उगाच खाकरलो.

निघायच्या दिवशी आम्हा दोघांनाही गाडीत जागा मिळाली. मालक चालवायला, मी पुढं इंजिनाकडं कान लावून, मागं आक्का आणि माझी मुलगी. छत उघडं, आक्काच्या कानांवरून शाल घट्ट. मोटारसायकलवाले शेजारून फोन धरून चालले होते आणि आक्का त्यांना हात करत होती. घाट सुरू झाला तसं मालकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पाणी किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्यावरचा डोळा मी काढला नाही. काटा हलला नाही.

एका वळणावर आक्का म्हणाली, "थांबीव रं हितं."

मालकांचा चेहरा उतरला. "काय झालं गं?"

"काय न्हाय. गाडी तवा हितंच थांबलती." मुलीच्या हाताला धरून ती उतरली, रस्त्याकडच्या एका दगडावर बसली. "ट्रक यीपतोर आबा आन् मी दोघंच हुतो. घरात कधी दोन शब्द न बोलणारा माणूस; त्या दिवशी शिदोरी सोडून बोलतच बसला. मी मनात म्हणत हुते, ट्रक न्हाय मिळाला तर बरं हुईल."

माझ्या मागोमाग मालक उतरले आणि तिच्यापाशी आले. "मग सत्तर वर्सं मला का चिडवलंस?"

"तू चिडत हुतास म्हणून!"

आम्ही सगळेच हसलो. आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि ती उठायला लागली. "चला, उशीर हुतोय."

मी गाडीत डोकावलो. काटा होता तिथंच होता; पंपाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. तरी मी म्हणालो, "जरा थांबूया. पाणी तापलंय. पाव तास तरी निवू द्या."

मुलगी मागून वाकून काटा बघत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. "पाव तासानं काय हुतंय आप्पा? अर्धा तास तरी लागंल."

मालक आक्काशेजारी दगडावर टेकले. ती त्यांना आबांचं सांगायला लागली. मुलीनं आमचा डबा काढला आणि आम्ही दोघं जरा लांब, गाडीच्या सावलीत बसलो. मी भाकरी मोडून निम्मी तिच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "पुण्यात खोली कुठं घेतलीस?"

तोवर मी तिला ते विचारलंच नव्हतं.