फ्रेश मेथी
मेथी निवडतानाच्या वासानं मला चिखलीचा आठवडी बाजार आठवतो. बायको शेजारच्या मास्तरीणबाईंकडून ‘फ्रेश’ शब्द शिकली होती. तो ताज्या भाजीला लागतो, मोकळ्या हवेला लागतो, झोप झालेल्या माणसालाही लागतो. त्या बाजारात आम्ही दोघं आपापलं टोपलं घेऊन मेथी विकायला बसलो होतो. जुड्यांवर पाणी शिंपडत ती गिऱ्हाइकाला म्हणाली, “एकदम फ्रेश हाय साहेब, खाल तं तुमीबी फ्रेश!” हसत सगळे तिच्याकडेच वळले, माझं टोपलं तसंच भरलेलं. मी आतून जळत होतो. परतताना म्हणालो, “पुढच्या बाजारी तू नोको येऊ.” “काऊन? माह्यं काय चुकलं?” मी टोपलं डोक्यावर घेऊन पुढं चालू लागलो. ती पुन्हा बाजारात आली नाही. लोकांना मी सांगत आलो, तिचे गुडघे दुखायचे. काल नातीनं विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. समोर बायको मेथी निवडत राहिली. तिचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते.