जागेश्वरच्या बोरिंगचं वरण

जागेश्वरकाका हसले की स्वतःच ओठ वर करून दात दाखवतात. "पाह्य, कवेलूचा रंग. बाप म्हणे, घरावर अन् पोरावर एकच शोभते."

दातांवर घरावरच्या कौलांसारखे तपकिरी पट्टे, गुडघे काठीसारखे ताठ. कारण दारातच. काका रांगत होते तेव्हा त्यांच्या बापानं सरपंचाच्या मागे लागून अंगणात बोरिंग आणलं. आमच्याकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. बाप गेला, बोरिंगची मिजास काकांकडे आली. विहिरीच्या पाण्यात डाळ गोट्यांसारखी राहते, या पाण्यात लोण्यासारखी होते. लग्नाचा आचारीसुद्धा आधी काकांना नमस्कार करायचा, मग चुलीवर डाळीचा गंज चढवायचा.

मागच्या वर्षी सरकारी माणसांनी पाणी तपासलं. फ्लोराईड फार निघालं. बोरिंगला लाल रंग देऊन सांगून गेले, पिऊ नका.

आम्ही शहाणी माणसं. प्यायचं सोडलं, वरणभात तिथल्याच पाण्यात शिजवत राहिलो. काकांनी तर निकालच दिला, "पिऊ नोका म्हनलं ना? वरण का कोनी पिते?" आणि बायकोच्या, दुर्गाबाईंच्या हातचं वरण वाटी तोंडाला लावून प्याले. मीही दुसरी वाटी मागितली.

मग एकदा गावच्या आशा कार्यकर्त्या करुणाताई आल्या. काकांची नात खुशबू ओसरीवर वरणभात खात होती.

"काका, कोनत्या पान्याचं वरण?"

"आपल्याच बोरिंगचं. पन उकळून हो! सारं मरते."

"किडे मरते काका. फ्लोराईड जित्ता जीव आहे का? पानी आटते, तो राहूनच जाते. वरणातून कुठं जाऊन राहिला मंग?"

काकांनी नातीच्या ताटाकडे पाहिलं.

"तिचे दात तं पांढरेच आहेत," ते हळूच म्हणाले.

"ते दुधाचे. पक्के दात आता हिरडीत तयार होऊन राहिले. आता थांबवलं तं थांबते."

काकांनी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली. मग पाना आणून बोरिंगचा दांडा काढायला बसले. गुडघे वाकेनात, म्हणून जमिनीवर फतकल मारली. दुर्गाबाई ओरडल्या, "अवं, डाळ कशी शिजन? बाया आल्या तं काय सांगू?"

"सांग, बुढा पागल झाला. पहिलेचाच होता म्हनाव, आत्ता समजलं."

बाया आल्याच. पाण्याचे रिकामे गुंड कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या, मनसोक्त बोलल्या. काका मान डोलावत राहिले. दांडा नेऊन त्यांनी ग्रामपंचायतीत जमा केला. अंगणात गर्दी जमेना.

आता दुर्गाबाई पलीकडच्या विहिरीचं पाणी आणतात. डाळ आदल्या रात्रीपासून भिजते, तरी हट्टानं अर्धी कच्ची राहते. परवा मी जेवायला होतो.

"आबाजी, डाळ टोचते," खुशबू म्हणाली.

"चाव माय," काका ओठ वर करून दात दाखवत म्हणाले. "आबाजीची डाळ लई नरम होती."