लांबून दोन्ही पिवळेच

सकाळी मेथी निवडत होते, तेव्हा अकोल्याहून भाच्याचा फोन आला. “मामी, आई गेली.” मी फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली... दुसरं काही सुचेना. शांताताई, माझी थोरली नणंद, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. धक्का असा बसला नाही, नुसता थकवा आला. दीड महिना झाला, तो काही उतरत नाही.

नणंद-भावजयीचं पटायचं म्हटलं की लोक हसतात. आमचंही फारसं पटत नसे. माझ्या भाजीत तिला मीठ कमी लागायचं आणि मला तिच्या पायाची भिंगरी सोसवत नसे. दर फाल्गुनात ती अमरावतीला यायची, हातात वाकड्या मुठीची काळी छत्री. ती उन्हासाठी नव्हे, फांदी खाली ओढायला. मग मला घेऊन एसटीनं मेळघाटाकडे. मी कुरकुरत जायची, पण जायची. रानात शिरलं की तिची शिकवणी सुरू.

“पळसाला पाने तीनच, हे सांगू नको मले. आता पानंच नाहीत झाडाले, त मोजशीन काय? फूल पाह्य. गणेरचं फूल वाटीवानी उघडं, पाच पाकळ्या, फांदीच्या टोकाले. पळसाचं राघूच्या चोचीवानी वाकडं, अन् बुडाशी मखमल. बोटानं पाह्य, डोळ्यानं नाही. लांबून दोन्ही पिवळेच.”

पिवळेच, कारण गणेर म्हणजे पिवळ्या फुलांची सोनसावर, आणि ती पिवळ्या पळसाबद्दल बोलत असे. केशरी पळस रानभर पेटलेला असतो, पिवळा एखादाच. त्याची मुळी घरात ठेवली की बरकत येते असं खूळ आपल्याकडे आहेच. ताईला पहिला पिवळा पळस पातूरकडे दिसला होता. तिनं त्याची जागा आनंदानं एका लग्नात चारचौघांना सांगितली. पुढच्या फाल्गुनात आम्ही दोघी गेलो, तर साल सोललेली, मुळं उकरलेली, झाड उभ्यानं वाळलेलं. ताई बांधावर बसली. “म्याच मारलं वं याले,” एवढंच म्हणाली.

दुसरा पिवळा पळस तिला पुढे बऱ्याच वर्षांनी सापडला. कुठे, ते लिहिणार नाही. रस्त्यापासून जरा आत आहे. कोणी विचारलं तर ती खुशाल सांगायची, “गणेर आहे.” खरं फक्त मला माहीत होतं. दर वर्षी ती छत्रीनं फांदी वाकवायची, एका फुलाच्या बुडाशी बोट फिरवायची आणि फांदी सोडून द्यायची. फूल कधी तोडलं नाही.

शेवटची भेटले तेव्हा तिचा आवाज खोल गेला होता. “यंदा तू एकटी जाय. हात लावून ये त्याले.” मी हो म्हटलं. तेरवीला तिच्या दिरांनी पानावर बसल्या बसल्या विचारलं, “वहिनीले पिवळा पळस ठाव होता म्हन्ते. तुमाले दाखवला असन?” मी त्यांना बुंदी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेले.

मग फाल्गुनात गेले. गुडघे चालू देत नाहीत म्हणून एसटीतून उतरून ऑटो केला, मांडीवर ताईची छत्री. वळणावर झाड दिसलं. फुललं होतं, नखशिखांत. मी थांब म्हणणार, तेवढ्यात ऑटोवाल्यानंच वेग कमी केला.

“मावशी, ते पिवळं कायचं झाड व्हय? पिवळा पळस त नोहे?”

उतरले असते तर तोही मागोमाग आला असता. त्यानं फूल हातात घेतलं असतं.

“गणेर आहे ते,” मी म्हणाले. “गणेर काय पाहाचं? चाल, ऊन होऊन राह्यलं.”

त्यानं ऑटो पुढे नेला. मी मागे वळूनही पाहिलं नाही. घरी आले आणि छत्री दारामागे टांगली. ताई, हात लावायचा राहिला.