धक्क्याआधी मिटणारा डोळा

सलीमचा फोन आला तेव्हा मी सावेडीतल्या घरी नेमबाजीच्या रेंजवर न्यायच्या सामानाच्या यादीवर खुणा करत होते. कानातले बोळे, जाड जाकीट, वाळूच्या दोन पिशव्या... "ताई, अब्बा गेले. चहा मागितला अन् बसल्या जागी कलंडले." सलीमचे अब्बा म्हणजे आमचे सुभेदारचाचा. फौजेतून निवृत्त झाल्यावर मिरजगावला शेती करायचे आणि आठवड्यातून दोनदा शहराबाहेरच्या रेंजवर येऊन आम्हा हौशी नेमबाजांना मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळीची रायफल शिकवायचे.

मी तिथे गेले ती पंचेचाळिशीत. तीनशे मीटरवरचं निशाण आणि खांद्याला लाथ घालणारी रायफल. खांदा दुखू नये म्हणून पहिल्याच दिवशी मी जाकिटाच्या आत टॉवेलची घडी कोंबली. घडी सरकली, रायफलचा दस्ता खांद्यात नीट बसलाच नाही आणि तिच्यावरची दुर्बीण मागे येऊन भुवईवर आदळली. दोन टाके पडले. चाचांनी टॉवेल ओढून काढला. "ताई, पावनी दारात आली की आत घ्यायची. मदी उशी ठिवली तर ती धडकनारच."

टाके पडूनही त्या दिवशी मी आनंदात घरी आले, कारण नेम धरणं हे डोळ्याचं काम असा माझा समज होता, आणि ते तर निघालं सगळ्या अंगाचं. रायफलच्या सरळ रेषेत मागे झोपायचं, टाचा जमिनीला टेकवायच्या, म्हणजे धक्का खांद्यातून पायांपर्यंत जिरतो. अंग तिरकं पडलं की नळी एका बाजूला उडते. अर्धा श्वास सोडून थांबायचं, चाप हळू ओढायचा आणि गोळी सुटल्यावरही तो तसाच दाबून धरायचा. हे सगळं एकदाच जमून आलं आणि दुर्बिणीतली फुली उडून आपणहून निशाणावर परत येऊन बसली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. घरी येऊन मी अकरा मुद्दे लिहून काढले आणि पुढच्या खेपेला तो कागद सतरंजीशेजारी ठेवला. चाचांनी तो शांतपणे वाचला. "अकरा कलमं व्हय? आता हे बंदुकीला बी वाचून दाखवा. तिला कुठं ठाव हाय?"

अकराही मुद्दे पाठ झाले, पण टाक्यांची भीती गेली नाही. चाप ओढायच्या क्षणी डोळा मिटायचा, हात आखडायचा आणि गोळी खाली जायची. एकदा चाचांनी मला न दाखवता रायफल रिकामीच हातात दिली. चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं, आणि मी मात्र सगळी हादरले. "गोळीच न्हवती, ताई. बंदुकीनं अजून हात बी लावला न्हाई, अन् तुमी तर मार खाऊन मोकळ्या." सगळी रेंज हसली. मीही हसले, पण त्या डोळ्यापायी राज्याच्या संघाची निवड दोनदा हुकली. दुसऱ्या वेळी मी सामान बांधलं आणि आता पुरे म्हणाले. तेव्हा चाचा एवढंच बोलले, "डोळा ऐकतो. पर रोज सांगावं लागतं." तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं... त्यांनी चहाचा कप उचलला आणि विषय बदलला.

तिसरी निवड चाचणी येत्या रविवारी आहे. गेल्या आठवड्यात चाचींना भेटायला मिरजगावला गेले. पडवीच्या मातीच्या जमिनीत दोन खळगे दिसले आणि पाच-साडेपाच फूट मागे आणखी दोन. मी विचारलं तेव्हा चाची म्हणाल्या, "त्यांच्या कोपरांचे अन् पायाचे. रोज सकाळी बांबू खांद्याला लावून हितं पडायचे. मी मागनं दार आपटायचे."

"दार कशाला?"

"डोळा मिटायचा न्हवं त्यांचा. फौजेत असल्यापासून. तुमाला बोलले न्हाईत व्हय? लई लाजायचे त्याला."

मी पदर खोचला, कोपऱ्यातला बांबू घेतला आणि पालथी झोपले. कोपरं खळग्यांत अलगद बसली. माझे पाय मागच्या खळग्यांपर्यंत पोचले नाहीत.

"चाची, आपटा दार."

"आता? लोक काय म्हनतील?"

"आपटा. आधी सांगू नका."

मी अर्धा श्वास सोडला आणि समोर अंगणात पाहत राहिले. मागे दार धाडकन आपटलं. दाणे टिपणारी कोंबडी दचकून उडाली, पंख पसरून कुंपणावर चढली, तोल सावरून बसली... मला ती सगळी दिसली.